भाड्याचं जुनं घर: हात किती लावायचा?

सोलापुरातलं आमचं जुनं घर अब्बांच्या पश्चात आम्हा चार भावंडांकडे आलं. मागच्या दोन खोल्यांत त्यांच्या वेळेपासूनच एक पद्मशाली कुटुंब भाड्याने राहतं. आता वाद असा: डागडुजी करायची, की सगळंच नवं?

भाईजानना सगळं नवं हवंय. टाइल्स, पीओपी, सिमेंटचा गिलावा. खर्च ४ लाख, मग भाडं २,५०० वरून ४,००० होईल, असा त्यांचा हिशेब. मी तोच हिशेब वहीत मांडला. वर्षाला १८,००० जास्त, म्हणजे ४ लाख वसूल व्हायला २२ वर्षं! आणि हे ४,००० देणार कोण? १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. म्हणजे ‘नूतनीकरण’ म्हणताना मनात नवा भाडेकरू आहे. असेल तर तसं स्पष्ट बोलावं.

माझ्या मते आधी छप्पर पाहावं. आमचं माळवद आहे: लाकडी तुळ्या, वर फळ्या, त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर पांढरी माती चोपायची, आणि वर्षानुवर्षं वजन वाढत जायचं. ती माती भिजली आणि खाली तुळईला वाळवी असली, तर पीओपी काय सावरणार? जादा माती उतरवून खराब तुळ्या बदलणं हे खरं काम. ते दिसत नाही, म्हणून कुणाला नको असतं.

दुसरं, मातीच्या भिंतींवर सिमेंट मारू नये. ओल आत कोंडते आणि काही वर्षांत पोपडे निघतात. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. मात्र चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, हे खरं.

तिसरं, वायरिंग पूर्ण बदलावं, अर्थिंगसह. इथे काटकसर नकोच. संडास-मोरीचे पाइपही बदलावेत. मावशी दिवसभर दाराशी बसून विड्या वळतात, कारण आत अंधार. पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी काढली, तर त्यांना टाइल्सपेक्षा जास्त उपयोग होईल. टाइल्स त्यांनी कधी मागितल्याही नाहीत.

काम चालेल तेवढे दिवस त्यांना पुढची रिकामी खोली द्यावी आणि परत येण्याचं कागदावर लिहून द्यावं, असं मी सुचवलंय. धाकटी बहीण तयार आहे. भाईजान अजून टाइल्सचे नमुने घरी आणताहेत.