धार बारीक झाली, म्हणजे विहीर आटली असं नव्हे

गेल्या आखाजीची गोष्ट. वन्सं मुलांना घेऊन माहेरी आलेल्या. घरात नऊ माणसं, आणि नेमकी तेव्हाच न्हाणीघरातल्या नळाची धार सुतळीएवढी झाली. सासूबाई म्हणाल्या, "विहीर आटली गं बाई!" संध्याकाळपर्यंत आमच्या ह्यांनी बोअरवाल्याकडे चौकशीही केली. बोअरला पैसे कुठले? तर माझ्या बी.एड.च्या फीसाठी बाजूला ठेवलेले! मी काही बोलले नाही. पण मनाशी म्हटलं, आधी दोष कुठे आहे तो तरी बघू.

मैत्रिणींनो, परसात विहीर, काठावर मोटर आणि गच्चीवर टाकी अशी सोय आपल्यापैकी कितीतरी जणींकडे असते. पाणी कमी आलं की आपण एकदम विहिरीला नाहीतर मोटरला दोष देऊन मोकळ्या होतो. त्यापेक्षा नळापासून उलट विहिरीकडे जावं. त्यासाठी लागतं काय? एक बादली, घड्याळ आणि दोर.

पहिलं म्हणजे, एकच नळ बारीक आहे की सगळे? एकच असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून बघा. विहिरीचं पाणी जड असेल तर तिथे पांढरे क्षार धरतात. लिंबाच्या फुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवून सकाळी जुन्या ब्रशने घासली की जाळी मोकळी होते.

दुसरं, टाकी भरलेली असून सगळेच नळ बारीक असले तर टाकीच्या बुडाशी गाळ साचलाय का, कॉक अर्धवट बंद आहे का, हे पाहावं. टाकी मध्यंतरी पार रिकामी झाली असेल तर पाइपात हवा अडकते. अशा वेळी सर्वांत खालचा नळ थोडा वेळ पूर्ण सोडून ठेवावा. जुन्या लोखंडी पाइपात आतून क्षारांचा थर बसला असेल, तर मात्र पाइप बदलणं आलं. आणि एक लक्षात ठेवा, टाकीच्या पाण्याला जोर येतो तो उंचीमुळे. दर दहा फुटांना दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ०.३ किलो दाब मिळतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर धार मंदच येणार. तो दोष नव्हे.

तिसरं, टाकीत पडणाऱ्या धारेखाली बादली धरून घड्याळ बघा. दिवाळीत आमची बादली पाऊण मिनिटात भरायची. आता तीन मिनिटं लागली. म्हणजे दोष टाकीच्या अलीकडे, मोटर किंवा विहिरीपाशी! घरातले दिवे मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. धार फुसफुसत, बुडबुड्यांसकट येत असेल तर विहिरीतला पाइप कुठेतरी हवा ओढतोय. आणि रोज सकाळी मोटरमध्ये वरून पाणी भरावं लागत असेल, तर पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, मिस्त्री ज्याला 'फुटबॉल' म्हणतात तो, पाणी धरत नाही. मोटरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायला विसरू नका.

यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. मग चौथी पायरी. दर फुटाला गाठ मारलेल्या दोराला दगड बांधून मी तो कठड्याबाहेरूनच विहिरीत सोडला. मोटरपासून पाणी सव्वीस फूट खाली, आणि त्याखाली नऊ फूट दोर ओला! म्हणजे विहिरीत पाणी होतं. मोटर तिथवर पोचत नव्हती.

असं का? काठावरची मोटर पाणी 'ओढते' असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. सुमारे चौतीस फुटांपलीकडे हवेचंही चालत नाही. इटलीतल्या पंपवाल्यांना हे कोडं पडलं होतं, आणि गॅलिलिओचा शिष्य टोरिचेल्ली याने १६४४ च्या सुमारास ते सोडवलं. पाइपातलं घर्षण वगैरे धरता प्रत्यक्षात बावीस ते पंचवीस फूट हीच मर्यादा. आमच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून हळूहळू पाझरतं. उन्हाळ्यात पातळी उतरते आणि नेमकी ही मर्यादा ओलांडते.

रात्री मी ह्यांच्यापुढे वही ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने दोराने पाण्यात सोडायची सबमर्सिबल मोटर बसवली. खर्च बोअरपेक्षा बराच कमी आला. आता सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटंच मोटर लावतो, म्हणजे मधल्या वेळात पाझर साचतो.

दोर दोन-तीन फूटच ओला झाला, तर मात्र पाणी खरंच कमी आहे. मोटर कोरडी चालवू नका, जळते. बोअर घेण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे चौकशी करा, कारण विहिरीलगतची बोअर तिचंच पाणी ओढण्याची शक्यता असते. आणि घरच्या कुणालाही विहिरीत उतरू देऊ नका. तळाशी दूषित वायू साचलेला असू शकतो. एकाला वाचवायला उतरलेला दुसराही गुदमरतो.

बी.एड.चा फॉर्म मी भरला. तुम्हीही येत्या दिवाळीत एकदा दोर सोडा, बादलीची वेळ घ्या आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या आखाजीला उपयोगी पडतील.