वर्ण हा व्याधी नव्हे

वैद्याकडे येणारी प्रत्येक व्यक्ती रुग्ण असतेच असे नाही. हे विधान कुणाही वैद्यास मान्य होईल. तथापि आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत चौदा ते अठरा वर्षांच्या ज्या मुली आणल्या जातात, त्यांच्या बाबतीत त्याचा आपणांस सोयीस्कर विसर पडतो, असे आम्हांस वाटते. 'आणल्या जातात' हा शब्दप्रयोग आम्ही जाणीवपूर्वक केला आहे. त्या स्वतःहून क्वचितच येतात. अग्नी सम, मलप्रवृत्ती प्राकृत, रजःप्रवृत्ती नियमित, निद्रा गाढ आणि आईची तक्रार एवढीच की, मुलगी सावळी आहे. 'अभ्यासात हुशार आहे, पण...' या 'पण'च्या पुढचे वाक्य महाराष्ट्रात कुणालाही पूर्ण करून सांगावे लागत नाही. मुलगी खाली मान घालून ऐकत असते. अशा वेळी वैद्याने लेखणी उचलून एखादा लेप लिहून दिला, की तिच्या मनात एक गोष्ट पक्की होते : आपल्या शरीरात काही दोष आहे आणि तो आता वैद्यानेही मान्य केला आहे.

आपले शास्त्र याविषयी काय म्हणते ते पाहू. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील पहिल्याच अध्यायात शरीराचे प्रकृतिवर्ण दिले आहेत. कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात हे ते चार वर्ण. म्हणजे काळी, सावळी, उजळ सावळी आणि गोरी अशी चारही प्रकारची त्वचा प्राकृतच. विकृतीचे वर्ण म्हणून नील, श्याव, ताम्र, हरित आणि शुक्ल यांची गणना त्याच ठिकाणी आहे. कृष्णवर्ण निरोग्यांच्या पंक्तीत आणि शुक्लवर्ण विकृतीत! पदवीच्या अभ्यासक्रमात हा भाग आपण सर्वांनी वाचलेला असतो, परीक्षेत लिहिलेलाही असतो.

यावर कुणी सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायाकडे बोट दाखवील. अतिकृष्ण हा निंदित आठांत आहे हे खरे. परंतु त्याच्या शेजारी अतिगौरही बसलेला आहे, हे सांगताना आमच्या पाहण्यात तरी कुणी आलेले नाही. शिवाय आठांची नावे घेऊन झाल्यावर आचार्य त्यांतील दोघांचाच, अतिस्थूल आणि अतिकृश यांचाच, विस्ताराने विचार करतात आणि त्यांनाच चिकित्सा सांगतात. कृष्ण-गौरांना तेथे औषध सांगितलेले नाही.

वर्ण्य महाकषायाचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा आदी दहा द्रव्ये वर्णाचे प्रसादन करतात, वर्णांतर करीत नाहीत. कुंकुमादि तैल अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात आले ते क्षुद्ररोगांच्या चिकित्सेत, व्यंग-नीलिकादींच्या संदर्भात. मुखाची कांती त्याने वाढते हेही आम्हांस मान्य आहे. पण वर्ण वेगळा आणि प्रभा वेगळी, हा विवेक चरकांनीच केला आहे. प्रभा असलेला वर्ण प्रकाशित करते, त्याच्या जागी दुसरा आणून बसवीत नाही. सावळ्या मुलीची त्वचा तेजस्वी, स्निग्ध व निरोगी असू शकते, नव्हे, असतेच. विठ्ठलाच्या सावळेपणाचे कौतुक करताना ज्या समाजाचा कंठ दाटून येतो, त्याला हे वैद्याने सांगावे लागावे, हे थोडे विचित्रच म्हणायचे.

आता बाजाराकडे वळू. १९७५ साली भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमने गोरेपणाला घरोघर पोहोचविले. २०२० साली त्यातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. नाव बदलले, गिऱ्हाइकाच्या मनातील अर्थ मात्र होता तोच राहिला. आमची खरी तक्रार या मोठ्या कंपन्यांशी नाही. ती आपल्याच काउंटरवरील त्या लहान डब्यांशी आहे, ज्यांवर 'संपूर्ण आयुर्वेदिक' असे ठळक अक्षरांत छापलेले असते, मात्र उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक वा घटकांची यादी भिंग घेऊन शोधावी लागते आणि पुष्कळदा भिंगानेही सापडत नाही. प्रतिनिधी येतो, दहावर दोन फुकट अशी स्कीम सांगतो, आणि माल फळीवर लागतो. सात दिवसांत गोरेपणा देणारी वनस्पती आपल्या निघंटूंत नाही. तो गुण येतो तो स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन किंवा पारा यांच्यापासून.

स्टेरॉइडयुक्त क्रीम दीर्घकाळ चेहऱ्यावर लावल्याने त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, तारुण्यपिटिका उसळतात, लव वाढते. आणि क्रीम थांबविताच दाह इतका होतो की मुलगी पुन्हा तेच लावते. याच कारणास्तव केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे अनुसूची 'एच'मध्ये घातली. पाऱ्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. केरळातील कोट्टक्कल (हे नाव आपणां वैद्यांस अगदी निराळ्या आणि अभिमानाच्या कारणाने परिचित आहे) येथील वृक्कविकारतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या कालावधीतील मेम्ब्रेनस नेफ्रोपथीच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १५ जणांत 'नेल-१' या प्रकारची विकृती आढळली, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत होते. आपल्याकडेही, अकोल्यातील एका आईला आणि तिच्या मुलींना अशाच क्रीममुळे झालेल्या वृक्कविकाराची वार्ता २०२३ च्या प्रारंभी वृत्तपत्रांत आली होती. ज्या शास्त्राने पारदाचे अष्टसंस्कार सांगितले, त्याच्या अनुयायांना अशोधित पारद काय करतो हे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थौल्य, उंची व स्तनांचा आकार यांचा समावेश आहे. त्यांवरील औषधांची जाहिरात करता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात त्वचेच्या गोरेपणाचाही समावेश प्रस्तावित होता. दुकानाच्या भिंतीवरील भित्तिपत्रक, एवढेच नव्हे तर वेष्टनावरील मजकूरही, या कायद्याच्या व्याख्येनुसार जाहिरातच होय, हे औषधालयचालकांनी ध्यानात ठेवावे.

रंगाइतकाच त्रास मुलींना अंगलटीचा होतो. ऋतुप्राप्तीच्या सुमारास मुलीच्या शरीरात मेद वाढणे, नितंब रुंदावणे हे निसर्गक्रमाला धरून आहे. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांना मात्र ते मान्य नसते. मग रात्रीचे जेवण बंद होते, सकाळचा डबा तसाच परत येतो, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून सोनामुखीयुक्त 'स्लिमिंग' चहा सुरू होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्ताल्पता आहे. अशा देशात मुलींना उपाशी राहण्यास उत्तेजन देणे म्हणजे पांडुरोगाला घरी बोलावणे होय. आणि पांडुरोगाने आलेला फिकटपणा पाहून 'रंग उजळला' असे म्हणणारे नातलगही असतात!

शरीरावर प्रेम करावे म्हणजे स्थौल्याकडे दुर्लक्ष करावे, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ नाही. अतिस्थूलाचे जे आठ दोष चरकांनी सांगितले, त्यांत आयुष्याचा ऱ्हास आहे, दौर्बल्य आहे, क्षुधा-तृषेचा अतिरेक आहे. मात्र 'वाईट दिसणे' हा दोष त्यांत नाही. मानेवर वा काखेत मखमलीसारखा काळा पट्टा घेऊन मुलगी आली, तर तो घासून काढावयाचा मळ नव्हे. इन्सुलिनच्या प्रतिरोधाचे ते चिन्ह असू शकते, तिची पाळी अनियमित आहे काय आणि घरात मधुमेह आहे काय हे विचारलेच पाहिजे. लेप देऊन तिला परत पाठविणारा निदान चुकतो. उलट, कफप्रकृतीच्या भरदार बांध्याच्या निरोगी मुलीस मेदोहर गुग्गुळ सुरू करणाराही चुकतोच. शरीराचे मान ज्याच्या त्याच्या अंगुलाने मोजावे, ही आपली रीत आहे. शेजारणीच्या अंगुलाने कुणी मोजीत नाही.

'आम्ही दिले नाही तर समोरच्या दुकानातून घेतील,' हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. घेतीलही. परंतु समोरच्या दुकानात वैद्य बसत नाही, आणि तेथील डब्यावर आपल्या शास्त्राच्या नावाची मोहोर असली, तरी ती आपल्या हाताने उमटलेली नसते. व्यवसायाच्या दृष्टीनेही पाहता, रंगासाठी आलेल्या मुलीची रक्ताल्पता, कष्टार्तव वा तारुण्यपिटिका नीट हाताळली, तर ते कुटुंब दहा वर्षे आपल्याकडे येते. क्रीमचे गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात नव्या क्रीमच्या शोधात जाते.

जून-जुलैत आपल्या अनेक शाखा शाळांतून आरोग्यतपासणी शिबिरे घेतात. तेथे वजनकाटा वर्गाच्या मध्यभागी ठेवून आकडा मोठ्याने पुकारण्याची जी पद्धत आहे, ती यंदापासून बंद करावी. वजन पडद्याआड घ्यावे व कागदावर लिहावे. प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासावे. चेहऱ्याला काय लावतेस, हा प्रश्न आहाराच्या प्रश्नांइतक्याच सहजतेने विचारावा आणि डबा घेऊन येण्यास सांगावे. आईस थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करून मुलीशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलावे; मात्र त्या वेळी वैद्या किंवा शिक्षिका उपस्थित असाव्यात. रुग्णपत्रिकेवर 'तक्रार' या सदरात आईचे शब्द न लिहिता मुलीचे शब्द लिहावेत. तिची काही तक्रार नसेल, तर तेही तसेच लिहावे.