तलाव पाहायला या, पण आधी तलाव राहू द्या



परवा गावात विषय निघाला, आपला तलाव पर्यटनस्थळ करायचा. पाळीवर गट्टू, लाइट, बोटिंग, सेल्फी पॉइंट. एकीकडे कोका, दुसरीकडे नागझिरा. जाणारे-येणारे थांबतील, पोरांना चार पैसे मिळतील. पैसा मलाही पाहिजे भाऊ. पण लोक पाहायला येतील ते काय, याचा विचार कोणी केला?

हे तलाव कोहळी लोकांनी बांधले ते धानासाठी. तुडूम उघडलं की पाणी बांधीत जाते, तलाव हळूहळू उतरतो, काठचा चिखल उघडा पडतो. तिथेच पक्षी चरतात. उथळ पाण्यात देवधान, कमळ, गवत. तेच बदकांचं खाणं, तिथेच मासोळीची अंडी. हिवाळ्यात तलवार बदक हजारो कोस उडत येते ते यासाठी, आपले गट्टू पाहायला नाही. बोटीसाठी बारा महिने पाणी अडवलं, तर धानही जाईल अन पक्षीही.

आज त्याच उथळ काठावर बेशरम माजली आहे. मासोळी कमी झाली, ढिवर भावांचे जाळे रिकामे येतात.

सारसाचं तर सांगूच नका. महाराष्ट्रात तो उरला मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे. माझ्या बापाच्या बांधीत एकदा जोडीनं घरटं केलं, दोन अंडी. थोडं धान तुडवलं गेलं. माय चिडली, तर बाप म्हणे, "राहू दे, पाहुणे आहेत." अन मी? धुऱ्यावर तणनाशक मारतो. माझीही चूक आहे, लपवत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिला पैसा बेशरम मुळासकट काढायला लावा. गाळ काढा, शेतात टाका, पण जेसीबीनं सगळा तलाव विहिरीसारखा खोल करू नका. काठाचा उतार ठेवा. मग गावच्याच पाणवनस्पती लावा. आपल्याच जिल्ह्यात ढिवर बांधवांनी काही तलावांत हे करून दाखवलं आहे. त्यांना विचारल्याशिवाय ठराव घेऊ नका.

पक्षी आले तर पाहुणे येतीलच. गट्टू तर शहरातही आहेत.

तुमच्या गावच्या तलावाची काय हालत आहे? सांगा.