पोथी मधेच का तोडता?

श्रावण आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अजून पोथी लागते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि अध्याय अर्धा टाकून कुणी उठत नाही.

श्रीधर कवींनी ‘हरिविजय’ 36 अध्यायांत रचला, ‘रामविजय’ 40 आणि ‘पांडवप्रताप’ 64. अध्यायाची लांबी साधारण एका बैठकीला पुरेल एवढी. शेवटच्या ओवीत ग्रंथाचे नाव आणि अध्यायाचा क्रमांक गुंफलेला असतो. पोथी ज्याच्या हातात नाही, नुसते कान देऊन जो बसला आहे, त्यालाही कुठवर आलो ते समजते. अध्याय हे मुळात ऐकणाऱ्याचे माप आहे.

संस्कृत शास्त्रकारांनी हेच नियमांत बसवले. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ सांगतो की महाकाव्यात आठांहून अधिक सर्ग असावेत, ते फार तोकडे नकोत, फार लांबही नकोत. सर्गाच्या शेवटी वृत्त बदलावे आणि पुढच्या कथेची चाहूल द्यावी. हा शेवटचा नियम टीव्ही मालिकांचे लेखक विश्वनाथ न वाचताच रोज पाळतात!

मोरोपंतांचे उदाहरण तर घरचेच. जन्म पन्हाळ्याचा, कर्मभूमी बारामती, पण त्यांच्या पराडकर घराण्याचे मूळ गाव राजापूर तालुक्यातले सौंदळ. रचनेशी खेळण्यात पंतांचा हात कुणी धरणार नाही: ओठांना ओठ न लागणारे ‘निरोष्ठ रामायण’ त्यांचेच, ‘परंतु रामायण’ही त्यांचेच. तरी ‘आर्याभारत’ लिहिताना व्यासांची 18 पर्वे त्यांनी तशीच ठेवली. महाभारतात वाट सापडते ती पर्वांवरून, हे त्या पुराणिकाला पक्के ठाऊक होते.

याच किनाऱ्यावर, खाली गोव्यात, फादर स्टीफन्सने 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. बायबलची कथा सांगतानाही त्याने ओवी घेतली आणि ग्रंथाचे ‘अवस्वर’ पाडले. होमरच्या दोन्ही महाकाव्यांचे 24-24 भाग मात्र पुढच्या काळात पडले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीक अक्षरेही तितकीच.

हल्लीच्या संक्षिप्त आवृत्त्या मात्र कात्री कुठेही चालवतात. अध्यायातल्या चार ओव्या वरून, सहा खालून, मधला भाग गद्यात. ग्रंथ लहान करायला हरकत नाही. पण अध्याय गाळायचा तर अख्खा गाळावा आणि ठेवायचा तर अख्खा ठेवावा. ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय लोक रोज स्वतंत्रपणे वाचतात आणि त्यांचे काही अडत नाही.

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 चे. 2028 मध्ये त्याला दोनशे वर्षे होतील. त्या निमित्ताने तिथे व्याख्याने होतील, सत्कार होतील. त्यांतली एक संध्याकाळ मोरोपंतांना द्यावी आणि ‘आर्याभारता’तले एक छोटे पर्व, एकही आर्या न गाळता, मोठ्याने वाचावे.