भाकरी, रोट्टी आणि सीताफळ

दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन आदिलाबादला नणंदेकडे गेले होते. एक दिवस निर्मलला चक्कर झाली. (२०१६ पर्यंत निर्मल आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, आमच्या नणंदेच्या लेखी अजूनही आहे!) जेवायला ‘जोन्ना रोट्टे’ मिळाली. पहिल्याच घासाला सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपली जोळद रोट्टी!" मी मनात म्हटलं, आणि माझी भाकरी.

मग लाकडी खेळण्यांकडे वळलो. रंगीत सीताफळाची किंमत ऐकताच सासूबाई कुजबुजल्या, "तुंबा जास्ती!" कारागीर हसला. ‘जास्ती’ तेलुगूतही आहे, हे आमच्या ध्यानातच आलं नाही! न रागावता त्यानं पुढ्यातला लगदा दाखवला. चिंचोके वाटून खळ करायची, त्यात लाकडाचा भुसा मिसळायचा आणि त्यानं सांधे जोडायचे. लाकूड पोनिकीचं, हलकं. पण हल्ली जंगलात सहज मिळत नाही. या खेळण्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून झाडं थोडीच वाढतात?

सासूबाईंनी घासाघीस सोडली. नातवासाठी एकच घ्यायचं ठरलं होतं, घेतली दोन. दुसरं त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी आहे, नातवाला हात लावू देत नाहीत.