उंदराच्या छातीवरचा प्रोब

१९५३मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी माणसाचं हृदय टिपलं. तेच तंत्र आज प्रयोगशाळेतल्या उंदरावर चालतं. हृदय वाटाण्याएवढं, ठोके मिनिटाला ५००च्या आसपास; म्हणून प्रोबही ३० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा लागतो, माणसाला २ ते ५ पुरतात. खरी मेख भुलीत आहे. आयसोफ्लुरेन जरा जास्त झालं, अंग गार पडलं, की ठोके मंदावतात आणि धडधाकट हृदयही दुबळं दिसतं. (मग खापर फुटतं बिचाऱ्या नव्या औषधावर!) तरीही एकच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो, दरवेळी नवा मारावा लागत नाही, हे आम्हाला मोलाचं वाटतं. या अंकातले इजेक्शन फ्रॅक्शनचे (दर ठोक्याला हृदय आपल्यातल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर फेकतं, त्याचे) आकडे वाचताना शेजारी ठोक्यांचा वेग आणि शरीराचं तापमान दिलं आहे का, तेवढं जरूर पाहा.