नाताळला काउंटरवर कोण?

डिसेंबर लागला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला वाद सुरू होतो. ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावं की म्हणू नये? कोणी एक फतवा फॉरवर्ड करतं, कोणी त्याला उत्तर म्हणून दुसरा. दोन्ही बाजू थकेपर्यंत चालतं, मग पुढच्या डिसेंबरपर्यंत शांतता. यंदा मला नाताळबद्दलच, पण वेगळ्या प्रश्नावर बोलायचं आहे. त्या दिवशी दुकानं उघडी असावीत का? आणि उघडायचीच असतील, तर काउंटरवर कोणी उभं राहायचं?

हा प्रश्न मला इंग्लंडमध्ये भेटला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एका मोठ्या रिटेल कंपनीच्या प्रोजेक्टसाठी दोन वर्षं लेस्टरला होतो. दिवाळी आणि ईद जिथे रस्त्यावर दिसते असं ते शहर. पण २५ डिसेंबरला तेही गप्प होतं. ट्रेन बंद, बस जवळपास बंद, मोठी दुकानं बंद. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा रिवाज असेल. मग कळलं की हा कायदा आहे.

२००४ साली ब्रिटिश संसदेने ‘ख्रिसमस डे (ट्रेडिंग) ॲक्ट’ केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं, म्हणजे साधारण तीन हजार चौरस फुटांपेक्षा मोठं दुकान नाताळच्या दिवशी ग्राहकांसाठी उघडता येत नाही. औषधांची दुकानं, पेट्रोल पंप, विमानतळ, रेल्वे स्टेशन यांना सूट आहे. त्याआधी १९९४ च्या रविवारच्या कायद्यामुळे नाताळ रविवारी आला तरच मोठी दुकानं बंद ठेवावी लागत. काही मोठी दुकानं नाताळला उघडू लागली, तेव्हा दुकान-कामगारांची युनियन ‘उस्डॉ’ आणि काही खासदारांनी हा कायदा लावून धरला. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकाने उघडलं की शेजारच्यालाही उघडावं लागणार, आणि कामगारांच्या हातातून वर्षातला तो एक दिवस जाणार.

मर्यादा २८० चौरस मीटरची असल्यामुळे कोपऱ्यावरचं छोटं दुकान मात्र उघडं राहू शकतं. आणि ब्रिटनमध्ये अशी कितीतरी दुकानं आपल्याच लोकांची आहेत: गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी, आणि मधूनच एखादं कोकणी मुसलमानाचं. मी राहायचो त्या गल्लीत रत्नागिरीकडच्या एका चाचांचं दुकान होतं. ते नाताळला सकाळी नऊ ते दोन उघडायचे. “आपला सण नाही रे, मग घरी बसून करायचं काय?” ते म्हणायचे. खरंही होतं. त्या पाच तासांत लोक दूध न्यायला यायचे, पोरांच्या नव्या खेळण्यांसाठी बॅटऱ्या न्यायला यायचे. एकटी राहणारी म्हातारी माणसं फक्त दोन शब्द बोलायला यायची. चाचा प्रत्येकाला नाताळच्या शुभेच्छा द्यायचे, कुठलाही फतवा न विचारता. मला ते दुकान उघडं असण्यात काही गैर दिसत नव्हतं. आजही दिसत नाही.

पण दुसऱ्या वर्षी मी काउंटरवर चाचांच्या जागी एक मुलगा पाहिला. हैदराबादचा, तिथल्या युनिव्हर्सिटीत एमएससी करायला आलेला. चाचा घरी होते. मुली, जावई आले होते. मुलाने सांगितलं, बस नाही म्हणून तो सव्वा तास चालत आला होता. त्याचे सगळे दोस्त त्या दिवशी मोकळे होते, एकाच्या खोलीवर बिर्याणी शिजत होती. मी म्हटलं, “चाचांना सांगायचं ना, आज नाही जमणार.” तो हसला. “भाई, ना कैसे बोलूं?” फी भरायची होती, खोलीही चाचांच्याच ओळखीने मिळाली होती.

चाचा वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्या मुलावर जबरदस्ती केली नव्हती. त्यांनी विचारलं आणि तो हो म्हणाला. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला किती किंमत द्यायची?

हे मी त्या मुलाबद्दल लिहितोय खरा, पण त्याच वर्षी माझंही तेच झालं होतं. पहिल्या नाताळला मी स्वतःहून ऑन-कॉल घेतला होता. टीममधल्या एकाने बदल्यात ईदच्या दिवशी माझं काम घेतलं. ईद नेमकी कधी, हे चंद्र ठरवणार, म्हणून त्याने दोन्ही संभाव्य दिवस मोकळे ठेवले. छान सौदा होता, दोघेही खूश. दुसऱ्या वर्षी डिसेंबरचं रोस्टर आलं तेव्हा २५ तारखेसमोर माझं नाव आधीच होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. कारण सरळ होतं: हा तर नाताळ साजरा करत नाही. ईदचं काय, हे कोणाच्या लक्षातही नव्हतं. मी काही बोललो नाही. प्रोजेक्ट टिकवायचा होता. पहिल्या वर्षी मी जे दिलं होतं ते दुसऱ्या वर्षी माझ्याकडून घेतलं गेलं. काम तेच, दिवसही तोच. फरक फक्त विचारण्याचा होता, आणि तो फरक मला आजही टोचतो.

त्या ऑन-कॉलवर बसून मला कायद्याची दुसरी बाजूही दिसली. दुकानाचं दार बंद होतं, पण वेबसाइट चालू होती. २६ डिसेंबरचा, म्हणजे बॉक्सिंग डेचा सेल ऑनलाइन आदल्या दिवशीच सुरू होतो. लोक जेवण उरकून सोफ्यावर बसतात आणि मोबाइलवर ऑर्डर देतात. माझ्या स्क्रीनवर ऑर्डरचा आलेख दुपारनंतर चढत गेला. तो आलेख म्हणजे कोणीतरी सर्व्हर सांभाळणारा, कोणीतरी फोन घेणारा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गोदामात पोचणारा कोणीतरी. २००४ चा कायदा दुकानाच्या दाराचा आहे. दार नसलेल्या दुकानाबद्दल तो काही म्हणत नाही.

आणि २६ तारखेबद्दलही नाही. बॉक्सिंग डे ही तिथली सार्वजनिक सुट्टी, पण त्या दिवशी सुट्टी मिळण्याचा कायदेशीर हक्क कामगाराला नाही; त्याच्या करारात असेल ते खरं. रविवारी काम करणार नाही असं लेखी कळवण्याचा हक्क दुकान-कामगाराला आहे, बॉक्सिंग डेला तसा हक्क नाही. २०१६ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांनी सह्या करून मागणी केली की त्या दिवशीही दुकानं बंद ठेवा. संसदेत चर्चा झाली. सरकारचं उत्तर होतं, दुकान कधी उघडायचं हे धंदा करणाऱ्याने ठरवावं.

इथे माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, सोपं आहे: कायद्याने बंदी नको, प्रत्येकाला नाही म्हणायचा हक्क द्या, ज्याला काम करायचं तो करेल. बरीच वर्षं मीही हेच मानत होतो. पण सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असण्यालाही अर्थ असतो. बर्लिन राज्याने २००६ मध्ये नाताळआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते. तिथलं प्रोटेस्टंट आणि कॅथलिक चर्च कोर्टात गेलं. १ डिसेंबर २००९ ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद घटनेत बसत नाही असा निकाल दिला. न्यायालयाने फक्त प्रार्थनेचा विचार केला नाही. घरची माणसं, मित्रमंडळी, संघटना यांना एकत्र यायचं तर सगळ्यांचा रिकामा दिवस एकच हवा, हाही मुद्दा धरला. मंगळवारी बदली सुट्टी मिळालेला माणूस रिकाम्या घरात एकटाच बसतो. हैदराबादच्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली असती, तरी बिर्याणी संपलेली असती.

तुम्ही विचाराल, पण हा सामाईक दिवस नेहमी बहुसंख्याकांचाच का? प्रश्न रास्त आहे. युरोपात रविवार आणि नाताळ आहे, कारण तिथला बहुसंख्य समाज ख्रिस्ती होता. यावर काहीजणांचं उत्तर असतं, मग आम्ही त्यांची सुट्टी का पाळावी? माझं उत्तर उलटं आहे. ज्या समाजाला सणाच्या दिवशी बाजार थांबवणं महत्त्वाचं वाटतं, त्याच समाजाला माझ्या ईदची गोष्ट समजावता येते. ज्याला काहीच थांबवायचं नाही, त्याच्यापुढे मी कशाच्या आधारावर बोलू?

शिवाय ही कल्पना आपल्याला परकी नाही. सूरह जुमुआमध्ये सांगितलं आहे की शुक्रवारच्या नमाजाची हाक आली की व्यापार सोडून या, आणि नमाज झाली की पुन्हा रोजीरोटीच्या शोधात पांगा. म्हणजे दिवसभराच्या सुट्टीचा हुकूम नाही, पण धंद्याच्या वर काहीतरी आहे हे सांगणारा हुकूम आहे. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारची. सहा दिवस खडखडणारं गाव त्या दिवशी श्वास घेतं. आणि भारतातला रविवार? तो नुसता इंग्रजांनी आणलेला नाही. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून १८९० मध्ये तो मिळवला. त्या गिरण्यांत हिंदूही होते, मुसलमानही. कोणाच्या देवाचा वार, यापेक्षा मागावरच्या माणसाला एक दिवस मिळाला, हे मोठं होतं.

आता आपल्या घरात पाहू. जुम्म्याला शटर अर्धं खाली ओढून मालक पहिल्या रांगेत जाऊन बसतो, तेव्हा आत कोण असतं? आणि चाँद रात आठवा. आपल्या बाजारात कपड्यांची, चपलांची, बांगड्यांची दुकानं फजरपर्यंत उघडी असतात. आपण कुटुंबासह फिरतो, सेल्फी काढतो, रात्री दोनला मुलीसाठी शरारा घेतो. तो काढून दाखवणारा पोरगा अठरा-वीस तास उभा असतो. शिंप्याकडच्या कारागिराचं तर महिनाभर तसंच चालतं. सकाळी आपण ईदगाहकडे निघतो तेव्हा तो दुकानातच आडवा झालेला असतो. चाँद रात हीच आपली ‘ख्रिसमस ईव्ह’ आहे, आणि तिथे त्याला कुठला कायदा वाचवत नाही.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडं राहायची मुभा दिली. त्याचबरोबर कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि सणांच्या आठ पगारी सुट्ट्या दिल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. या चार दिवसांत मला मोठी शक्यता दिसते. दुकान उघडं आणि तरीही वसईच्या ख्रिस्ती कामगाराला नाताळ, मला ईद, माझ्या सहकाऱ्याला लक्ष्मीपूजन. पण किती जणांना हे माहीत आहे? किती ठिकाणी खरंच ‘मिळून’ ठरतं? आणि छोटी दुकानं या तरतुदीच्या बाहेरच आहेत. मूळ कायद्यात ही मर्यादा दहा कामगारांची होती. आपली बहुतेक दुकानं तीन-चार माणसांची.

तेव्हा माझी भूमिका अशी. मोठी दुकानं नाताळला कायद्याने बंद ठेवणं योग्य आहे, कारण हजारोंच्या कंपनीत एकट्याला नाही म्हणता येत नाही. छोटं दुकान उघडं राहू दे, पण त्या दिवशी काउंटरवर मालक स्वतः उभा राहू दे, किंवा खरोखर आपल्या मर्जीने आलेला आणि जादा पैसे घेणारा माणूस. आणि ऑनलाइन दुकानालाही हाच नियम लावायला हवा. स्क्रीनमागचा माणूस दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

हे इंग्लंडच्या संसदेला मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला तीन गोष्टी सांगू शकतो. तुमचं किंवा अब्बांचं दुकान असेल, तर जानेवारीत कामावरच्या मुलांसोबत बसा आणि चार सुट्ट्या त्यांना विचारून ठरवा; दहा माणसं नसली तरी. ऑफिसात असाल, तर नाताळच्या शिफ्टला आनंदाने हो म्हणा, पण ईदची अदलाबदल त्याच मेलमध्ये लिहून घ्या. आणि टीममध्ये एखादाच ख्रिस्ती सहकारी असेल, तर २५ तारीख त्याला मागावी लागण्याआधी तुम्ही द्या.

चौथी गोष्ट माझ्यासाठी आहे. येत्या चाँद रातीला आमच्या घरची खरेदी रात्री दहाच्या आत संपलेली असेल. अम्मीला ते सांगायचं बाकी आहे.